शोधखिडकी ‘शून्य’ दाखवते तेव्हा : शिक्षणविषयक डेटाबेसमधील नेहमीच्या अडचणीचे निवारण

पीएच.डी.च्या संशोधन आराखड्यांची मुदत जवळ आली की अध्यापक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात माझ्याकडे एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून येऊ लागते. ‘सर, एरिकवर आमच्या विषयाचे काहीच नाही’, ‘शोधगंगेवर मराठवाडा टाकले तर शिक्षणाचा एकही प्रबंध येत नाही’, किंवा याच्या अगदी उलट, ‘हजारो लेख आले, पण सगळे अमेरिकेचे’. (एरिक हा शिक्षणविषयक लेख-अहवालांचा अमेरिकन डेटाबेस, तर शोधगंगा हे भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचे भांडार.) तक्रार करणारे बहुतेक जण केज, आष्टी, गंगाखेड, कळमनुरी अशा तालुक्यांतल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये शिकवणारे शिक्षक असतात. शाळा सुटल्यावर किंवा शनिवारी दुपारी एस.टी.ने येऊन ते दोन तास संगणकापुढे बसतात आणि रिकाम्या हाताने परततात. पुढे त्यांच्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात एक वाक्य हमखास उतरते : ‘प्रस्तुत विषयावर मराठवाड्यात अद्याप संशोधन झालेले नाही.’ हे वाक्य पुष्कळदा खरे नसते, आणि त्यामुळे आधीच्या कुणाचे तरी कष्ट पुसले जातात, म्हणून ही अडचण मला किरकोळ वाटत नाही.

गेल्या काही वर्षांत अशा प्रत्येक वेळी शेजारी बसून पाहिल्यावर माझ्या लक्षात आले, की संशोधनच नाही म्हणून शून्य आले असे फार थोड्या वेळा घडते. आपण ज्या शब्दाने विचारतो आणि डेटाबेसने ज्या शब्दाखाली ती नोंद ठेवलेली असते, ते दोन शब्द जुळत नाहीत, हे खरे कारण असते. एरिकवर ते एका प्रकारे जुळत नाहीत, शोधगंगेवर दुसऱ्या प्रकारे. खाली दोन्ही प्रकार सविस्तर दिले आहेत. एरिकसाठीचे इंग्रजी शब्द मी येथे देवनागरीत लिहिले असले तरी शोधखिडकीत ते रोमन लिपीतच टाइप करावे लागतात.

आधी बिघाड कुठे आहे ते ठरवावे

याला दोन मिनिटे पुरतात. एरिक उघडून ‘रीडिंग’ एवढा एकच शब्द टाकावा. नोंदींची मोठी संख्या दिसली तर संकेतस्थळ, इंटरनेट आणि संगणक ठीक आहेत आणि दोष आपल्या शोधवाक्यात आहे. त्यानंतर शोधखिडकीखालच्या दोन चौकटी पाहाव्यात, एक समीक्षित, म्हणजे छापण्यापूर्वी तज्ज्ञांनी तपासलेल्या, लेखांपुरता शोध मर्यादित करणारी आणि दुसरी एरिकवरच पूर्ण मजकूर असलेल्या नोंदींपुरता. त्यांतली एखादी खूण आधीच्या शोधापासून तशीच राहिलेली असते आणि ती लक्षात येत नाही. समीक्षित असल्याची माहिती एरिकने २००४ पासूनच्या नियतकालिकांनाच जोडलेली आहे. त्यामुळे त्या चौकटीत खूण असेल तर त्याआधीचे सगळे लेख आणि अहवाल नजरेआड जातात. १९८० किंवा १९९० च्या दशकातील ग्रामीण शिक्षणावर काम करणाऱ्याला एवढ्यानेच शून्य दिसू शकते.

आणखी एक बारीक गोष्ट आहे. वर्डच्या फाइलमध्ये तयार केलेले शोधवाक्य चिकटवले की त्यातील अवतरणचिन्हे वाकडी, छापील वळणाची येतात. शोधयंत्राला सरळ अवतरणचिन्हे अपेक्षित असतात. शब्दसमूह अवतरणात घालूनही परिणाम दिसत नसेल तर ती चिन्हे पुसून खिडकीतच पुन्हा टाइप करावीत.

एरिक : आपले इंग्रजी आणि त्यांचे इंग्रजी

एरिक हा अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन सायन्सेस या संस्थेचा डेटाबेस आहे. त्याची सुरुवात १९६० च्या दशकात झाली, आणि तो कोणालाही विनामूल्य वापरता येतो. मराठवाड्यातील संशोधकासाठी ही फार मोठी सोय आहे, कारण महागड्या वर्गणीचे डेटाबेस आपल्याकडील बहुतेक महाविद्यालयांना परवडत नाहीत. मात्र दोन गोष्टी आधी समजून घेतल्या पाहिजेत. पहिली अशी, की एरिकचा शोध संपूर्ण लेखाच्या मजकुरात फिरत नाही. तो नोंदीत, म्हणजे शीर्षक, लेखक, नियतकालिक, सारांश आणि विषयसंज्ञा यांत फिरतो. लेखातील एखादे प्रकरण बीड जिल्ह्यावर असले, पण सारांशात बीडचे नाव नसले, तर ‘बीड’ टाकून तो लेख कधीच सापडणार नाही. दुसरी गोष्ट अशी, की प्रत्येक नोंदीला एरिकच्या स्वतःच्या शब्दकोशातील ठरावीक विषयसंज्ञा, म्हणजे डिस्क्रिप्टर, जोडलेल्या असतात. हा शब्दकोश थिसॉरस या नावाने त्याच संकेतस्थळावर आहे आणि त्यात साडेचार हजारांच्या आसपास संज्ञा आहेत. लेखकाने कोणताही शब्द वापरलेला असो, नोंद करणारा माणूस त्याला थिसॉरसमधली संज्ञा लावतो.

अडचण इथे उभी राहते. आपले शैक्षणिक इंग्रजी आणि अमेरिकन शैक्षणिक इंग्रजी यांत बरेच अंतर आहे, आणि काही शब्द तर दिसायला तेच असून अर्थाने वेगळे आहेत.

आपण इयत्तेला ‘स्टँडर्ड’ म्हणतो. ‘फिफ्थ स्टँडर्ड’ टाकले की अमेरिकेतील अभ्यासक्रमाच्या मानकांवरचे, म्हणजे ‘स्टँडर्ड्स’वरचे लेख समोर येतात, कारण तिकडे इयत्तेसाठी शब्द ‘ग्रेड’ आहे. आपण खासगी शिकवणीला ‘ट्यूशन’ म्हणतो, एरिकमध्ये ‘ट्यूशन’ म्हणजे महाविद्यालयाची फी. लातूरच्या शिकवणी वर्गांवर काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याने या एका शब्दापायी अमेरिकन विद्यापीठांच्या शुल्कवाढीवरचे लेख आठवडाभर चाळले होते. त्याला हवा असलेला शब्द ‘ट्यूटरिंग’ होता, आणि त्याच्या जोडीला ‘शॅडो एज्युकेशन’ हा शब्दसमूह, जो खासगी शिकवण्यांच्या अभ्यासकांत रूढ आहे. मुख्याध्यापकासाठी ‘हेडमास्टर’ऐवजी ‘प्रिन्सिपल्स’, शिक्षणाच्या माध्यमासाठी ‘मीडियम’ऐवजी ‘लँग्वेज ऑफ इन्स्ट्रक्शन’, मध्यान्ह भोजनासाठी ‘लंच प्रोग्रॅम्स’ अशा संज्ञा वापराव्या लागतात. स्पेलिंगचाही प्रश्न येतो. बालमजुरीसाठीची संज्ञा अमेरिकन पद्धतीने, ‘लेबर’मधील ‘यू’ गाळून आहे, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांनी तो ‘यू’ आपल्या बोटांत बसवलेला आहे.

द्विशिक्षकी आणि बहुवर्ग अध्यापनाचे उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण आपल्या वाड्या-तांड्यांवरच्या शाळांसाठी हा विषय जिव्हाळ्याचा आहे. ‘मल्टिग्रेड टीचिंग’ अवतरणात टाकले की तोच शब्दसमूह नोंदीत असलेले लेख येतात. थिसॉरसमधील संज्ञा ‘मल्टिग्रेडेड क्लासेस’ अशी आहे, आणि एकशिक्षकी शाळांसाठी ‘वन टीचर स्कूल्स’ ही वेगळी संज्ञा आहे. शोधखिडकीत ‘डिस्क्रिप्टर’ हा शब्द, त्यापुढे अपूर्णविराम आणि त्यापुढे सरळ अवतरणात ही संज्ञा लिहिली की त्या संज्ञेखालच्या सर्व नोंदी येतात, मग लेखकाने स्वतः कोणताही शब्द वापरलेला असो.

संज्ञा आधीपासून माहीत असण्याची गरज नाही. मी विद्यार्थ्यांना असे करायला सांगतो, की आपल्या साध्या शब्दांनी शोध घ्यावा, आलेल्या यादीतून विषयाला अगदी चिकटून असलेली एकच नोंद निवडावी, ती उघडून तिच्याखाली कोणत्या विषयसंज्ञा लिहिल्या आहेत ते वहीत उतरवून घ्यावे आणि मग त्या संज्ञांनी नव्याने शोध घ्यावा. संज्ञेवर क्लिक केले की थिसॉरसचे पान उघडते, त्यात तिच्यापेक्षा व्यापक, तिच्यापेक्षा नेमक्या आणि तिच्याशी संबंधित संज्ञा दिलेल्या असतात. या पानावर दहा मिनिटे शांतपणे थांबले तर पुढचे कित्येक तास वाचतात.

ऊसतोड कामगारांच्या मुलांचे उदाहरण

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी टोळ्या निघतात. नवरा-बायकोचा एक कोयता मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्यावर जातो आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाशी परततो. शाळेचे अर्धे वर्ष या काळात जाते. साखरशाळा (कारखान्याच्या परिसरात या मुलांसाठी चालणाऱ्या शाळा), हंगामी वसतिगृहे (पालक ऊसतोडीला गेल्यावर मुलांना गावातच ठेवण्याची सोय), परतल्यावर वर्गात पुन्हा सामावून घेणे, या विषयांवर आपल्याकडील अनेक शिक्षकांना संशोधन करायचे असते, आणि ते योग्यच आहे, कारण हा प्रश्न ते रोज हजेरीपटावर पाहतात.

परळीजवळच्या एका शाळेतील शिक्षिकेने एरिकवर ‘शुगर फॅक्टरी स्कूल’ असे टाकले होते. उपयोगाचे काहीच आले नाही. ‘साखरशाळा’ हा आपला शब्द आहे, त्याचे शब्दशः इंग्रजी करून भागत नाही. मग तिने ‘मायग्रंट चिल्ड्रन’ टाकले आणि नोंदींचा पूर आला. टेक्सास, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा येथील शेतमजुरांच्या मुलांवरचे अहवाल एकापाठोपाठ एक येत राहिले. यालाही कारण आहे. अमेरिकेत हंगामी शेतमजुरांच्या मुलांसाठी १९६६ पासून केंद्र सरकारचा स्वतंत्र शिक्षण कार्यक्रम चालू आहे, आणि ‘मायग्रंट एज्युकेशन’ ही संज्ञा एरिकमध्ये प्रामुख्याने त्याच कार्यक्रमाच्या अहवालांनी भरलेली आहे.

येथे दोन गाळण्या कामी येतात. अमेरिकेबाहेरील देशांवरच्या नोंदींना एरिक ‘फॉरिन कंट्रीज’ ही संज्ञा लावते, ती ‘मायग्रंट एज्युकेशन’ किंवा ‘मायग्रंट चिल्ड्रन’ यांच्याशी ‘अँड’ने जोडावी. हा ‘अँड’ मोठ्या अक्षरांत लिहिणे सुरक्षित. त्यानंतर यादीच्या बाजूला स्थळाची गाळणी असते, तिच्यात भारत निवडावा. सुरुवातीच्या हजारो नोंदींतून वाचता येईल इतकी छोटी यादी उरते. याशिवाय ‘शुगरकेन’ एका शब्दात आणि ‘शुगर केन’ दोन शब्दांत, ‘सीझनल मायग्रेशन’, ‘डिस्ट्रेस मायग्रेशन’ असे शब्दसमूह स्वतंत्रपणे टाकून पाहावेत. या शोधात गुजरातमधील मीठागरे, वीटभट्ट्या आणि ओडिशातील स्थलांतर यांवरचे काम समोर आले तर ते बाजूला टाकू नये, कारण हंगामी वसतिगृहांचा विचार त्याच प्रश्नातून निघालेला आहे आणि तुलनेसाठी ते साहित्य मोलाचे आहे.

अमेरिकन अहवालही मी वाचायला सांगतो. वर्षाच्या मध्यात शाळा बदलणाऱ्या मुलाची नोंद एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कशी पोचवावी, त्याची अध्ययन पातळी पटकन कशी तपासावी, या प्रश्नांशी ते लोक कित्येक दशके झगडत आहेत. आपल्या शिक्षिकेला शेवटी एक पूर्ण उपप्रकरण त्यातून मिळाले.

याच जातीचा आणखी एक चकवा सांगणे आवश्यक आहे. ‘इंडियन एज्युकेशन’ असे कधीही टाकू नये. एरिकमध्ये त्या शब्दांनी अमेरिकेतील मूलनिवासी समाजांच्या शिक्षणावरचे साहित्य समोर येते. ‘ट्रायबल स्कूल्स’चेही तेच होते. किनवट किंवा कळमनुरी भागातील आदिवासी मुलांवर, किंवा तांड्यावरच्या बंजारा मुलांवर काम असेल तर देशाचे नाव ‘इंडिया’ असे वेगळे द्यावे आणि समाजाचे नाव त्याच्या सर्व रूढ रूपांनी द्यावे, कारण बंजारा समाजाची नोंद लमाण, लंबाडा, लंबाडी अशा नावांनीही आढळते.

शोधगंगा : मराठीत विचारताना

शोधगंगा हे भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचे भांडार गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्र चालवते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले, त्यामुळे त्यानंतरचे प्रबंध तेथे असण्याची शक्यता पुष्कळ असते. आपल्याकडील शिक्षणशास्त्राचे अनेक प्रबंध मराठीत लिहिलेले असतात, आणि इथे एरिकपेक्षा अगदी वेगळी अडचण सुरू होते.

पहिले कारण मराठीच्या व्याकरणात आहे. विभक्तीचा प्रत्यय लागताना मराठी शब्दाचे सामान्यरूप होते. आपण ‘मराठवाडा’ शोधतो, प्रबंधाच्या शीर्षकात ‘मराठवाड्यातील’ असते. आपण ‘शाळा’ शोधतो, शीर्षकात ‘शाळांमधील’ किंवा ‘शाळेतील’ असते. इंग्रजी शब्दांच्या बाबतीत शोधयंत्रे एकवचन-अनेकवचन सांभाळून घेतात, तशी सोय मराठीसाठी बहुतेक ठिकाणी नसते. म्हणून शब्दकोशातले मूळ रूप शोधू नये, शीर्षकात जे रूप येईल ते शोधावे. आपल्या शीर्षकांची घडण ठरलेली असते, ‘बीड जिल्ह्यातील प्राथमिक शाळांमधील विद्यार्थ्यांच्या ... चिकित्सक अभ्यास’, आणि त्या घडणीतूनच शोधाचे शब्द उचलता येतात.

दुसरे कारण टंकलेखनात आहे. ‘जिल्ह्यातील’ हा शब्द ‘जिल्हयातील’ असा चुकीचा टाइप झालेला किती तरी नोंदींत दिसतो. ‘शिकणाऱ्या’ या शब्दातील र्‍याचे चिन्ह युनिकोडमध्ये दोन वेगवेगळ्या पद्धतींनी साठवले जाते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. ‘ॲ’ या अक्षराचेही तसेच आहे, ते एक स्वतंत्र अक्षर म्हणूनही साठवलेले असते आणि ‘अ’वर चंद्र देऊन जोडलेलेही असते. याला माझा उपाय असा, की शोधासाठी असे शब्दच निवडू नयेत. ‘माध्यमिक स्तरावर शिकणाऱ्या मुलींच्या गळतीच्या कारणांचा अभ्यास’ हा प्रबंध शोधायचा असेल तर ‘शिकणाऱ्या’ सोडून द्यावे, ‘गळतीच्या’ घ्यावे आणि सोबत ‘मुलींच्या’ घ्यावे. जोडाक्षर जितके साधे, तितकी जुळण्याची शक्यता जास्त.

तिसरे कारण लिप्यंतराचे. मराठी प्रबंधांची शीर्षके नोंदीत पुष्कळदा रोमन लिपीत भरलेली असतात, आणि ती भरणारा प्रत्येक जण आपल्या कानाने स्पेलिंग करतो. ‘मराठवाड्यातील’मधील ‘वा’ कोणी ‘डब्ल्यू’ने लिहितो, कोणी ‘व्ही’ने, ‘ठ’नंतर कोणी ‘ए’ घालतो, कोणी घालत नाही. अशा चार-पाच स्पेलिंगांची यादी एकदाच करून ठेवावी आणि प्रत्येक वेळी ती सगळी वापरावी.

विषयाचा शब्दही काळाप्रमाणे बदललेला असतो. आज आपण ‘गळती’ म्हणतो. काही दशकांपूर्वीच्या साहित्यात हाच प्रश्न ‘अपव्यय आणि स्थगिती’ या जोडशब्दाने, इंग्रजीत ‘वेस्टेज अँड स्टॅग्नेशन’ असा मांडलेला असे. संपादन, संपादणूक, संप्राप्ती हे तिन्ही शब्द ‘अचीव्हमेंट’साठी वापरलेले मी पाहिले आहेत. शासकीय योजनांची नावेही तपासावीत, कारण २०१८ नंतर ‘समग्र शिक्षा’ म्हणून ओळखले जाणारे काम त्याआधी ‘सर्व शिक्षा अभियान’ होते, आणि त्याच्याही आधी आपल्या भागात ‘जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम’ होता. या कार्यक्रमाच्या १९९४ मधील पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील जे पाच जिल्हे घेतले गेले, ते औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद आणि परभणी, म्हणजे पाचही मराठवाड्यातलेच होते. त्या काळातील अभ्यास ‘मराठवाडा’ या शब्दाखाली कमी आणि त्या कार्यक्रमाच्या इंग्रजी लघुनामाखाली, ‘डीपीईपी’खाली, जास्त सापडतात.

गावांची, जिल्ह्यांची आणि विद्यापीठांची नावे

हा भाग आपल्या प्रदेशापुरता फार महत्त्वाचा आहे, कारण इथली नावे आणि सीमा वारंवार बदलल्या आहेत. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावे २०२३ मध्ये अधिकृतपणे लागू झाली. त्याआधीचे जवळजवळ सर्व प्रबंध, लेख आणि तक्ते औरंगाबाद आणि उस्मानाबाद या नावांखाली आहेत, आणि इंग्रजीत उस्मानाबादचे स्पेलिंग ‘ओ’नेही आढळते, ‘यू’नेही. बीड कधी दोन ‘ई’ घालून, कधी एका ‘आय’ने, तर जुन्या कागदांत ‘भीर’ म्हणूनही येते. जालना जिल्हा १९८१ मध्ये औरंगाबादमधून आणि लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला, हिंगोली १९९९ मध्ये परभणीतून. हिंगोलीतील शाळांवरचा १९९५ चा अभ्यास ‘परभणी जिल्हा’ म्हणूनच नोंदलेला असणार.

विद्यापीठांचेही तसेच. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये स्थापन झाले आणि १४ जानेवारी १९९४ पासून ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले आणि नांदेड, लातूर, परभणी हा भाग, त्यात आजची हिंगोलीही आली, त्याच्याकडे गेला. लातूरच्या विषयावरचा जुना प्रबंध नांदेडच्या यादीत सापडत नाही म्हणून थांबू नये, तो संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या यादीत पाहावा. ज्यांचा विषय शिक्षणाचा इतिहास आहे त्यांनी आणखी मागे जावे. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, तर आपल्या भागातील महाविद्यालये मराठवाडा विद्यापीठ होईपर्यंत १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती. तो सगळा काळ ‘मराठवाडा’ या शब्दाने शोधून मिळत नाही, ‘हैदराबाद स्टेट’ आणि ‘निजाम्स डोमिनियन्स’ या शब्दांनी मिळतो.

शोधखिडकीने कितीही प्रयत्न करून दाद दिली नाही तर तिचा नाद सोडावा आणि शोधगंगेत विद्यापीठाच्या नावावरून विभागाच्या यादीत जाऊन शीर्षके एकेक करून वाचावीत. कंटाळवाणे वाटले तरी एका दुपारी हे काम होते. शिक्षणावरचे प्रबंध केवळ शिक्षणशास्त्र विभागातच असतात असे समजू नये, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, मराठी आणि लोकप्रशासन या विभागांतही ते असतात.

नोंद मिळाली, मजकूर मिळत नाही

एरिकमधील ‘ईडी’ने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या नोंदी अहवाल आणि इतर दस्तऐवजांच्या असतात, त्यांची पीडीएफ पुष्कळदा तेथेच मिळते. ‘ईजे’ने सुरू होणारे नियतकालिकांतले लेख असतात आणि त्यांच्यासाठी बहुधा प्रकाशकाकडे जावे लागते. १९६६ ते १९९२ मधील पुष्कळसे दस्तऐवज मायक्रोफिशवरून, म्हणजे अतिसूक्ष्म छायाप्रतींच्या फिल्मवरून, संगणकावर आणलेले असल्याने काहींची अक्षरे पुसट आहेत, तो आपल्या संगणकाचा दोष नव्हे. प्रकाशकाने पैसे मागितले तर लगेच लेख सोडून देऊ नये. जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेत केंद्र आणि राज्य सरकारांच्या उच्च शिक्षण संस्थांसाठी ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली आहेत. आपले महाविद्यालय त्यात नसले तरी आपले विद्यापीठ आहे का हे विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन विचारावे.

शोधगंगेवरील प्रबंध प्रकरणवार वेगवेगळ्या फाइलींत असतो. मोबाइलच्या इंटरनेटवर मोठी फाइल अर्ध्यात तुटते, तेव्हा आधी शीर्षकपान आणि शेवटची, ८० क्रमांकाची शिफारशींची फाइल उतरवावी आणि प्रबंध उपयोगाचा वाटला तरच बाकीची प्रकरणे घ्यावीत. मजकूर उघडला पण त्यात शब्द शोधता येत नाही, किंवा उतारा कॉपी करून चिकटवल्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता दिसतो, तेव्हा प्रबंध कृतिदेव, शिवाजी किंवा श्रीलिपी अशा युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेला आहे असे समजावे. अशी पाने गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली की यंत्र अक्षरे ओळखून युनिकोड मजकूर देते. फाइल २ एमबीपेक्षा मोठी असेल तर ती तोडून घ्यावी, आणि मिळालेला मजकूर मूळ पानाशी ताडून पाहिल्याशिवाय उद्धृत करू नये, कारण आकड्यांत हमखास चुका होतात.

युडायस प्लस, म्हणजे देशातील शाळांची माहिती दरवर्षी गोळा करणारी शासकीय प्रणाली, हिच्या आकडेवारीबद्दल एवढेच सांगतो, की मागील वर्षांची तुलना करताना पटसंख्या अचानक घसरलेली दिसली तर आपली बेरीज चुकली असे लगेच मानू नये. २०२२-२३ पासून ही माहिती शाळेच्या एकत्रित आकड्यांऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याच्या नोंदीवरून गोळा होते, म्हणून त्याआधीच्या वर्षांशी तिची सरळ तुलना करता येत नाही. शाळा ओळखण्यासाठी नावाऐवजी ११ अंकी क्रमांक वापरावा. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे आणि पुढचे दोन जिल्ह्याचे असतात, त्यामुळे जिल्ह्याचे नाव बदलले तरी जुन्या आणि नव्या तक्त्यांतील शाळा त्या क्रमांकावरून जुळवता येतात.

सगळे करूनही शून्यच आले तर

तेव्हा शून्य खरे असू शकते, पण त्याआधी दोन ठिकाणे राहतात. एम.एड.चे लघुप्रबंध शोधगंगेवर नसतात, ते अध्यापक महाविद्यालयांच्या कपाटांत असतात आणि तिथे जाऊनच पाहावे लागतात. संगणकापूर्वीच्या काळासाठी एम. बी. बुच यांच्या संपादनाखाली १९७४ पासून निघालेली भारतीय शैक्षणिक संशोधनाची सर्वेक्षणे चाळावीत, त्यांत प्रबंधांचे सारांश विषयवार दिलेले आहेत.

प्रत्येक शोधाची नोंद वहीत ठेवावी : तारीख, डेटाबेस, टाकलेले नेमके शब्द, लावलेल्या गाळण्या आणि आलेल्या नोंदींची संख्या. मार्गदर्शकाने शंका काढली तर हीच वही पुढे करता येते. परळीजवळच्या त्या शिक्षिकेच्या दुसऱ्या प्रकरणात आता ‘संशोधन झालेले नाही’ हे वाक्य नाही. त्या जागी कोणत्या दोन डेटाबेसमध्ये, कोणत्या महिन्यात, कोणत्या शब्दांनी शोध घेतला, किती नोंदी आल्या आणि त्यांपैकी हंगामी वसतिगृहातून परतलेल्या मुलांच्या वाचनक्षमतेवर एकही का नव्हती, हे तिने दीड पानात लिहिले आहे.